‘प्रारंभी’ हा शब्द कुठवर ताणायचा

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची तीन जाड पुस्तकं वाचलीत आणि तिन्ही वेळा निर्मितीच्या प्रकरणावर अडलात. पहिल्यात सृष्टी सहा दिवसांत झाली, तीही काही हजार वर्षांपूर्वी. दुसऱ्यात महास्फोट हाच देवाचा पुरावा. तिसऱ्यात विज्ञानाचा इथे संबंधच नाही. तिघेही लेखक पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, देवाचं वचन मानणारे. मग धरायचं कुणाचं, आणि साध्या विश्वासाच्या गोष्टीत तत्त्वज्ञान कशाला आणायचं, हा तुमचा प्रश्न.

मी दुसऱ्या पुस्तकापासून सुरुवात करते, कारण ते ऐकायला सगळ्यांत गोड आहे आणि मी स्वतः बरीच वर्षं तेच शिकवलं. शास्त्राभ्यासाच्या वर्गात मी सांगायचे: विज्ञान म्हणतं विश्वाला आरंभ आहे, उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं पहिलं वचनही ‘प्रारंभी’ या शब्दानं सुरू होतं, आणखी काय हवं? एकदा भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलं, “ताई, उद्या महास्फोटाच्या आधीही काही होतं असं निघालं, तर आपण निर्माणकर्त्याला सोडून द्यायचं का?” मला उत्तर सुचलं नाही.

शोधत गेले तेव्हा कळलं की या दुखण्याची जाणीव महास्फोट सिद्धांताच्या जनकालाच सर्वांत आधी झाली होती. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, १९२७ मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचं गणित मांडलं आणि १९३१ मध्ये हे सगळं एका अतिसूक्ष्म, अतिघन आरंभातून निघालं असावं ही कल्पना एका छोट्या टिपणात लिहिली. त्या टिपणाच्या मसुद्यात शेवटी देवाविषयी एक परिच्छेद होता: देव स्वभावतःच गुप्त आहे, आणि भौतिकशास्त्र निर्मितीवर जणू पडदा धरतं, याचा विश्वासणाऱ्याला आनंदच वाटावा. छापायला देण्यापूर्वी त्यांनी त्यावर काट मारली. पुढे नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी शास्त्रज्ञांसमोरच्या भाषणात नव्या विश्वशास्त्राला जवळजवळ ‘प्रकाश होवो’ या शब्दांचा साक्षीदार ठरवलं. लमेत्र यांना ते रुचलं नाही. पुढच्या वर्षी पोप खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले तेव्हा तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही. १९५८ साली लमेत्र यांनी उघड सांगितलं की हा सिद्धांत धर्माच्या आणि तत्त्वमीमांसेच्या प्रश्नांबाहेरचा आहे, आणि देव नाकारणाऱ्यालाही तो मोकळीक देतो.

रोज मिस्सा (कॅथलिक उपासना) अर्पण करणारा माणूस हे म्हणतो, म्हणजे त्याच्या मनात ‘निर्मिती’ या शब्दाचा अर्थ माझ्याहून खोल असणार. तो अर्थ मला थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंताकडे सापडला.

तेराव्या शतकात ॲरिस्टॉटलचं लेखन पश्चिमेकडे नव्यानं वाचलं जात होतं. विश्व अनादी आहे असं तो म्हणे. बोनाव्हेंतुरासारखे मोठे विचारवंत म्हणाले, आरंभ तर्कानंच सिद्ध होतो. अक्वायनस दोघांच्या मधे उभा राहिला. विश्वाला आरंभ आहे हे आपण प्रकटीकरणामुळे, म्हणजे देवानं स्वतः कळवल्यामुळे, मानतो, असं तो म्हणतो. तर्कानं ना आरंभ सिद्ध करता येतो ना अनादित्व. तो बजावतो की लंगडे पुरावे पुढे केले तर अविश्वासणारे हसतील आणि म्हणतील, याच आधारावर हे लोक विश्वास ठेवतात. त्यापुढचं त्याचं म्हणणं वाचून मी थबकले होते: समजा विश्व अनादी असतं, तरीही ते निर्मितच असतं. यासाठी तो ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती लेखकानं नोंदवलेला एक जुना दाखला घेतो. एक पाऊल अनादी काळापासून धुळीत टेकलेलं आहे. त्याखालचा ठसाही अनादीच. पण ठसा पावलामुळेच आहे, हे कोण नाकारेल?

म्हणजे निर्मिती हे आधी एक नातं आहे. जे काही आहे ते या क्षणीही देवाच्या आधारावर आहे, ही तिची गाभ्याची बाजू. कुंभार गेला तरी मडकं मागे राहतं. गाणारा थांबला की गाणं उरत नाही. (कुंभाराचा दाखला शास्त्रात आहे, यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात, पण तिथे मुद्दा देवाच्या अधिकाराचा आहे.) अक्वायनसचा स्वतःचा दाखला हवेतल्या उजेडाचा: सूर्य आहे तोवर हवा उजळलेली, सूर्य गेला की हवेजवळ स्वतःचा उजेड काहीच नाही. हे मनात बसलं की त्या मुलीच्या प्रश्नाची धार निघून जाते. महास्फोटाआधी काही असो वा नसो, जे होतं तेही आधारावरच होतं.

काळाला आरंभ आहे ही मंडळीची (चर्चची) शिकवण मी इथे सोडत नाहीये. १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेनं ती स्पष्ट शब्दांत मांडली आणि अक्वायनसही ती मानत होता. तिचा आधार दुर्बीण नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता तत्त्वज्ञान कशाला, ते दिसलं असेल. वरचा एकही भेद शास्त्रातून नुसती वचनं गोळा करून हाती लागत नाही. ‘आधी’ म्हणजे काळात आधी की कारण म्हणून आधी, हे कुणीतरी विचारावंच लागतं. तत्त्वज्ञान नको म्हणणारे लेखकही कुठलं तरी तत्त्वज्ञान वापरतातच, फक्त न तपासलेलं. तरी तुमची शंका मी झटकून टाकणार नाही. अथेन्सचा यरुशलेमशी, म्हणजे तत्त्वज्ञानाचा विश्वासाशी काय संबंध, हे तर्तुल्लियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकानं फार पूर्वीच विचारलं होतं. १९३४ मध्ये स्विस ईश्वरविज्ञानी एमिल ब्रुनर यांनी निसर्गातून देवाच्या ज्ञानाला थोडी वाट ठेवू पाहिली, तेव्हा त्यांचेच देशबंधू ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थ यांच्या उत्तराचं शीर्षकच ‘नाही!’ असं होतं. जर्मनीत त्या वेळी काही ख्रिस्ती लोक वंश आणि राष्ट्र यांतही देवाचं प्रकटीकरण शोधू लागले होते. बार्थ यांची भीती पोकळ नव्हती. उलट १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं देवाचं अस्तित्व बुद्धीच्या प्रकाशानं खात्रीनं कळू शकतं असं ठरवलं. तुमच्या तीन लेखकांची फारकत खरं तर इथून, बुद्धीला किती वाट द्यायची या प्रश्नापासून सुरू होते. सहा दिवसांचा वाद नंतरचा.

दुसऱ्या पुस्तकाविषयी आणखी एक. विज्ञानाला जिथे उत्तर येत नाही तिथे देवाला बसवायची सवय फार महागात पडते. ग्रहांच्या कक्षा काळानुसार बिघडतील आणि देव त्या वेळोवेळी सावरील असं न्यूटनला वाटे. लाइब्निझनं तेव्हाच टोकलं की हा तर घड्याळाला सारखी किल्ली देणारा कारागीर झाला. पुढे फ्रेंच गणिती लाप्लासनं गुरू-शनीच्या गतीतली विसंगती गुरुत्वाकर्षणानंच समजावून दिली आणि देवासाठी राखलेली ती जागा गेली. जर्मन पाळक डीट्रिख बोन्हॉफर यांनी मे १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की आपल्या अज्ञानाच्या फटी बुजवायला देवाला वापरू नये. जे कळलं आहे त्यात देव शोधावा. नाझींच्या कोठडीत भौतिकशास्त्रावरचं पुस्तक वाचताना त्यांना हे सुचलं. मी ते पत्र दर वर्षी वर्गात वाचून दाखवते.

पहिल्या पुस्तकाकडे येते. त्यामागची ओढ, म्हणजे वचन जसं आहे तसं घ्यावं, ही मला मोलाची वाटते. तिला अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. चौथ्या शतकातले धर्माध्यक्ष बेसिल द ग्रेट आणि धर्मसुधारक ल्यूथर यांनीही दिवस म्हणजे दिवसच धरले. पण मंडळीत कायम हाच एक अर्थ होता असं ते पुस्तक सांगत असेल, तर ते चूक आहे. ऑगस्टिननं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर मोठं भाष्य लिहिलं. सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग पहिले तीन दिवस कसले, असं विचारून तो या निष्कर्षाला आला की देवानं सगळं एकदमच उत्पन्न केलं आणि सहा दिवस ही आपल्याला समजावं म्हणून केलेली मांडणी आहे. तेव्हा ना भूगर्भशास्त्र होतं ना डार्विन, म्हणजे विज्ञानाला घाबरून त्यानं माघार घेतली असं म्हणायला जागाच नाही. त्याच भाष्यात तो चिडून लिहितो की आकाश-ताऱ्यांविषयी अविश्वासणाऱ्यालाही जे पक्कं ठाऊक आहे, त्याबद्दल ख्रिस्ती माणसानं शास्त्राचा हवाला देत भलतंच बोलणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मग पुनरुत्थानाविषयी आपलं कोण ऐकेल?

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनचं उदाहरण त्याहून नेमकं आहे. उत्पत्तीत सूर्य आणि चंद्र या दोन मोठ्या ज्योती म्हटल्या आहेत. शनी चंद्राहून मोठा आहे हे कॅल्विनला खगोलशास्त्रज्ञांकडून ठाऊक होतं आणि ते त्याला मान्यही होतं. तो म्हणतो, मोशेनं साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसतं तसं लिहिलं. ज्याला खगोलशास्त्र शिकायचंय त्यानं दुसरीकडे जावं. दाई तान्ह्याशी बोबडं बोलते तसा देव आपल्याशी बोलतो, ही त्याची आवडती उपमा. ख्रिस्तपूर्व ४००४ हे साल बायबलमध्ये कुठेच नाही, ते सतराव्या शतकात जेम्स अशर यांनी काढलेलं गणित आहे. आणि पृथ्वीच्या थरांचा उलगडा नोहाच्या जलप्रलयानं करणारी मांडणी आज दिसते तशी पसरली ती १९६१ नंतर.

तिसऱ्या पुस्तकाचा लेखक बहुधा बार्थच्या वळणाचा असावा. १९६५ मध्ये नात्यातल्या एका तरुणीनं विचारल्यावर बार्थ यांनी लिहिलं होतं की निर्मितीची कथा आणि उत्क्रांतीचा सिद्धांत यांची तुलना म्हणजे चर्चमधला ऑर्गन आणि व्हॅक्यूम क्लीनर यांची तुलना. उत्तर छान आहे आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापुरतं मला पटतंही. आपल्या भाषेत तर आणखी एक घोटाळा होतो: त्रैक्याचा (एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) ‘सिद्धांत’ आणि उत्क्रांतीचा ‘सिद्धांत’, दोन्हींना शब्द एकच, म्हणून ते एकाच फडात उतरलेत असं वाटत राहतं.

पण ‘संबंधच नाही’ ही भिंत शेवटपर्यंत टिकत नाही. आपल्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, पंतय पिलाताचं नाव आहे. येशूला क्रूसावर देण्याचा हुकूम करणाऱ्या एका रोमन सुभेदाराचं नाव आपण उपासनेत उच्चारतो, कारण आपला विश्वास एका ठरावीक काळात, ठरावीक जागी घडलेल्या गोष्टीवर उभा आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो. जर्मन ईश्वरविज्ञानी वोल्फहार्ट पानेनबर्ग यांनी बार्थच्या वाटेला विरोध केला तो इथेच: जो दावा इतिहासाविषयी आहे त्यानं इतिहासाच्या चौकशीला सामोरं जायला हवं. मी या बाबतीत पानेनबर्ग यांच्या बाजूची आहे.

आणि खरी अवघड जागा आहे आदाम, बायबलमधला पहिला माणूस. सहा दिवसांवर लोक भांडतात, पण भार सगळा पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर आहे: एका माणसाद्वारे पाप जगात शिरलं, पापाद्वारे मरण. आजच्या माणसांतलं जनुकीय वैविध्य पाहता आपण सगळे अलीकडच्या काळातल्या एकाच जोडप्यापासून आलो असं दिसत नाही. ‘पापाद्वारे मरण’ यातला प्राण्यांच्या मरणाचा भाग मला तितका अवघड वाटत नाही. पतनापूर्वी, म्हणजे माणसानं पाप करण्यापूर्वी, सिंह आणि ससाणे गवत खात होते ही कल्पना अक्वायनसनंच नाकारली. माणसाच्या पापानं प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, असं तो म्हणतो. पण माणसाचं काय? १९५० मध्ये बाराव्या पायस यांनीच शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला वाव ठेवला, मात्र अनेक मूळ पूर्वज मानले तर ते मूळपापाच्या, म्हणजे आदामापासून सगळ्यांना आलेल्या पापाच्या, शिकवणीशी कसं जुळेल हे दिसत नाही, असंही म्हटलं. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्या आदामाचा दोष नव्हे तर मरणाधीनता वारशानं येते असं मानतात. ऑगस्टिनच्या हाती लॅटिन भाषांतर होतं, त्यात पाचव्या अध्यायातलं बारावं वचन ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’ असं वाचता येत होतं. ग्रीकमधून बहुतेक अभ्यासक आज ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा अर्थ घेतात. एका शब्दप्रयोगानं केवढा फरक पडतो, पाहा.

माझा कल असा: माणसाच्या इतिहासात देवाला पहिल्यांदा ‘नाही’ म्हणणं खरोखर घडलं, आणि आदाम तिथे सगळ्यांचा प्रतिनिधी म्हणून उभा आहे, जसा ख्रिस्त नव्या मानवजातीचा. तो एकटाच सर्वांचा जैविक बाप होता की नाही, यावर मी हट्ट धरत नाही. सुवार्तेवर प्रेम करणारी, माझ्याहून जास्त शिकलेली माणसं इथे माझ्याशी असहमत आहेत आणि त्यांची कारणं हलकी नाहीत.

तेव्हा तिन्ही पुस्तकं ठेवा, पण निर्मितीचं प्रकरण बाजूला ठेवून आधी प्रत्येकाचं पापावरचं प्रकरण वाचा. तिथे लेखक आदामाविषयी काय म्हणतो आणि ते निर्मितीच्या प्रकरणातल्या त्याच्याच म्हणण्याशी जुळतं का, हे पाहा. तुमच्या तिसऱ्या लेखकाला तिथे भिंत टिकवता आली का, हे मला जाणून घ्यायचंय. वाचून झालं की इथेच लिहा, मग रोम ५ वचनावचनानं घेऊ.