वकीलसाहेबांना विचारा: जातच चोरांची असते का?

प्रश्न: वकीलसाहेब, आमच्या गल्लीत महिन्याभरात दोन घरफोड्या झाल्या. पुलाखाली पालं ठोकून राहणाऱ्या पारधी बायका फुगे विकायला यायच्या, त्यांना आता कुणी फिरकू देत नाही. सासरे म्हणतात, "इंग्रजांनी उगीच का यांना चोर ठरवलं? कायदाच होता तसा." नववीतला मुलगा विचारतो, जन्मतःच कुणी चोर असतं का? त्याला काय सांगू?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, कायदा होता हे खरं. १८७१ सालचा. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असल्या तर्कावर जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर झाल्या. नाव नोंदलं की हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. चोरी केली की नाही, हे कुणी विचारतच नव्हतं.

त्याआधी ही माणसं काय करत होती, ते सासऱ्यांना विचारा. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवरून मीठ-धान्य वाहायचे. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पारध्यांची शिकार पुढे जंगलाच्या कायद्यांनी आटली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी! त्याच्या जागी राज्याराज्यांत सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले.

ही सवय कशी लागते, ते मी वकिलीच्या सुरुवातीलाच पाहिलं. विशीतला एक पारधी पोरगा, सायकलचोरीचा आरोप. ठाण्याच्या कागदावर 'आदतन अपराधी'. मी मागचं रेकॉर्ड मागवलं. शिक्षा एकही नाही. तीनदा संशयावरून धरून आणला होता, हीच ती आदत! जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा? आपल्याकडे जामीनदाराची ऋणपुस्तिका, म्हणजे शेतजमिनीची नोंदवही, मागतात; म्हणजे जमीन हवी. पालात राहणाऱ्याच्या ओळखीत जमीनवाला कोण असणार? (कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार मिळायचे. तेवढेही पैसे नव्हते.) त्याची आई रोज यायची, पदराची गाठ सोडून घडीवर फाटलेली मतदार चिठ्ठी टेबलावर पसरायची. "साब, ये चलेगी?" पोरगा दोन महिने आत. पुढे साक्षीदार फिरकलेच नाहीत, तो सुटला. पण नंतरच्या चोरीला पोलीस पहिल्यांदा त्याच्याच पालावर गेले आणि कागदावर चौथी नोंद चढली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगात जात बघून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. ठाण्यापर्यंत ते कधी झिरपेल ते झिरपेल.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. रिपोर्ट लिहून घेताना ठाण्यातला मुंशी (लिहिणारा पोलीस) विचारतोच, "शक किस पर है?" कुणी काही पाहिलं नसेल, तर 'अज्ञात' एवढंच लिहायला सांगा. सासऱ्यांनी आधीच रिपोर्ट दिली असेल, तर तिची नक्कल काढून मुलाबरोबर बसून वाचा. पुलाखालच्या पालांचा उल्लेख त्यात आलाय का, बघा.