जुन्या सोतेर्नचा रंग तांबूस झाला, म्हणजे ती बिघडली का?

प्रश्न : १९९० सालच्या सोतेर्न या फ्रेंच गोड पांढऱ्या वाईनच्या ३७५ मिलिलिटरच्या दोन बाटल्या आमच्याकडे होत्या. त्यांपैकी एक उघडली, तर वाईनचा रंग कोऱ्या चहासारखा तांबूस झालेला आणि बुचाच्या आतल्या टोकाला काचेच्या चुऱ्यासारखे कण चिकटलेले दिसले. आम्ही ती न चाखताच ओतून दिली. दुसरीही बिघडली असेल का? ती कशी चाखावी? – एक वाचक

उत्तर : पहिली बाटली चाखल्याशिवाय ओतून दिली हे वाचून मनापासून हळहळ वाटली. सोतेर्न तरुणपणी सोनेरी असते आणि वय वाढते तशी अंबराच्या खड्यासारखी तांबूस-पिवळी, पुढे तपकिरी होत जाते. त्यातही लहान बाटलीत वाईनच्या मानाने हवेचे प्रमाण अधिक असल्याने हा बदल लवकर होतो. बुचावरचे कण टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक असतात आणि ते निरुपद्रवी असतात.

ही वाईन इतकी वर्षे टिकते, याचे कारण फ्रान्समधील बोर्दो शहराच्या दक्षिणेकडील तिच्या मळ्यांत आहे. सिराँ या छोट्या नदीचे थंड पाणी गारोन नदीच्या कोमट पाण्याला मिळते, शरद ऋतूत सकाळी धुके दाटते आणि त्या ओलाव्यात पिकलेल्या द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. दुपारचे ऊन तिला आवर घालते. बुरशीने सालीला सूक्ष्म छिद्रे पडून पाणी उडून जाते आणि आक्रसलेल्या द्राक्षात साखरेबरोबर आंबटपणाही एकवटतो. अशी द्राक्षे एकदम तयार होत नसल्यामुळे तोडणीसाठी माणसे त्याच मळ्यात पुन्हा पुन्हा फिरतात. शातो दिकेम या विख्यात मळ्यात तर एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाईन मिळते, असे सांगितले जाते.

साखरेबरोबर एकवटलेला हा आंबटपणाच वाईनला इतकी वर्षे ताजी ठेवतो, म्हणून दुसरी बाटली पारखताना भर आंबटपणावर द्यावा. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसेल. इतके जुने बूच ठिसूळ झालेले असते, तेव्हा ते सावकाश काढावे. वाईन १० ते १२ अंश सेल्सियसला लहान ग्लासात ओतून थोडी निवांत राहू द्यावी, कारण फार गार असताना तिचा वास मिटलेला राहतो. पहिल्या वासात संत्र्याच्या सालीचा मुरांबा, सुके जर्दाळू, केशर, अक्रोड किंवा किंचित करपवलेली साखर जाणवू शकेल. क्वचित मेथीदाण्याची आठवण होते, आणि ती खोटी नसते : सोटोलोन नावाचे तेच सुगंधी द्रव्य मेथीतही असते आणि जुन्या बोट्रायटिस वाईनमध्येही. मला स्वतःला या वाईनमध्ये हा वास सर्वांत प्रिय आहे.

मग छोटा घोट जिभेवर क्षणभर घोळवून गिळावा आणि थांबावे. गोडवा ओसरल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटले, तोंड स्वच्छ झाले आणि संत्र्याच्या सालीचा कडवटपणा बराच वेळ रेंगाळला, तर वाईन उत्तम स्थितीत आहे, मग रंग कितीही गडद असो. गोडवा नुसताच पाकासारखा चिकटून बसला, तर तिचा काळ सरला आहे. व्हिनेगरचा उग्र भपकारा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला, तर मात्र ती खरोखर बिघडली असे समजावे.