द्विदल, डाळ आणि हरभऱ्यातला जनुक

प्रश्न आलाय की हरभऱ्यात बॅक्टेरियाच्या मदतीनं नवा जनुक घालतात त्याला 'द्विदल पिकांचा संकर' म्हणायचं का. नाही म्हणायचं. संकराला आईबाप लागतात, फुलावर पराग पडावा लागतो. इथे ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला बॅक्टेरिया आपल्या प्लाझ्मिडवरचा (म्हणजे त्याच्याकडच्या डीएनएच्या छोट्या कड्यावरचा) तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो, त्याला जनुकीय परिवर्तन म्हणा आणि मोकळे व्हा.

माझा खरा राग 'द्विदल'वर आहे. कडधान्यांना सरसकट द्विदल म्हणतात, अहो ज्याच्या बीत दोन दलं ते द्विदल, मग कापूस, वांगं, तंबाखू हे पण द्विदलच की! बरं, यानं नुसती भाषा नाही तर समजही बिघडते. 'हा बॅक्टेरिया द्विदलांना लागण करतो' एवढं वाचून लोक धरून चालतात की हरभरा-तूर म्हणजे याच्या हातचा मळ. तंबाखूत १९८३ सालीच जमलं, पण हरभरा भलता हट्टी, जनुक गेला तरी त्या पेशीतून अख्खं रोप उभं राहीना, कोंब आला तर मुळं फुटेनात, मग तो कोंब दुसऱ्या रोपाच्या खुंटावर कलम करायचा.

आता खरी मजा. संस्कृतात दल् म्हणजे फुटणं, दुभंगणं. त्यातूनच दळण आणि त्यातूनच डाळ. आणि लॅबमध्ये काय करतात? हरभरा भिजवतात, मोड आणतात, साल काढतात आणि ब्लेडनं उभा चिरतात, कारण जखमेतून झिरपणाऱ्या द्रव्यांनीच हा बॅक्टेरिया कामाला लागतो (वरून ॲसिटोसिरिंगोन पण घालतात, तेही जखमेतल्या त्या द्रव्यांपैकीच). म्हणजे डाळ केल्याशिवाय जनुक आत जात नाही! चिरण्याआधीचं सगळं तर वालाच्या डाळिंब्यांसारखंच. आणि हो, डाळिंबी हा शब्द डाळीवरूनच आलाय असं माझं ठाम मत आहे. त्याचं नातं डाळिंबाच्या दाण्याशी जोडणाऱ्यांनी वाल कधी सोललेच नसावेत, सोलताना निम्मे तरी हातात दुभंगतात. डाळिंब बिचारं 'दाडिम'वरून आलंय, त्याचा इथे काय संबंध?

विश्वकोशवाले कडधान्यांच्या कुळाला 'शिंबावंत' म्हणतात, शिंबा म्हणजे शेंग. शास्त्राला धरून आहे, पण मार्केट यार्डात जाऊन शिंबावंताचा भाव विचारून बघा. त्यापेक्षा शेंगवर्गीय म्हणा, त्यात सोयाबीन आणि भुईमूग पण बसतात, नाहीतर त्यांना कडधान्य म्हणालात तर व्यापारी म्हणेल साहेब, ह्या तेलबिया.