नंबर बरोबर आहे, तरी नव्या चष्म्यानं गरगरतं. खरंच 'सवय होईल' का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन्ही डोळ्यांना मायनस ५, सिलिंडरचा (दृष्टिवैषम्याचा) नंबर नाही. डॉक्टरांनी नंबर पुन्हा तपासला, तोच निघाला. मशीनवर काचांचा नंबरही तोच आला. तरी तीन आठवडे झाले, जिना उतरताना पायरी सरकल्यासारखी वाटते, संध्याकाळी कपाळ जड होतं, आणि दुकानदार म्हणतो, "सवय होईल."

मी कोल्हापुरात चष्म्याच्या दुकानात बसतो, बरीच वर्षं झाली. सवय लागते हे खोटं नाही. नंबर बदलला, फ्रेमचा आकार बदलला, की चार-आठ दिवस जमीन वरखाली वाटते, फार तर दोन आठवडे. तुमचे तीन झाले. आता सवयीची वाट बघू नका, चष्मा मोजून घ्या. नंबर बरोबर असला म्हणून चष्मा बरोबर असतोच असं नाही.

प्रत्येक काचेत एक जागा अशी असते की तिथून प्रकाश न वळता सरळ आत येतो. तिला आम्ही सेंटर म्हणतो. ही जागा बाहुलीसमोर यायला हवी. दोन बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी, मोठ्या माणसांत साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर. सेंटर सोडून बाजूनं बघितलं की तीच काच प्रिझमसारखी वागते आणि समोरची वस्तू जागेवरून हलवून दाखवते. किती, याचा हिशेब एका ओळीचा आहे: सेंटरपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, नंबरानं गुणा. उत्तर 'प्रिझम' याच नावाच्या मापात येतं. हा नियम प्रेंटिस नावाच्या अमेरिकी चष्मेवाल्याचा.

आता तुमचा चष्मा घेऊ. काडीच्या आतल्या बाजूला ५४-१८-१४० छापलंय असं तुम्ही लिहिलंय. ५४ ही एका काचेची रुंदी, १८ नाकावरचं अंतर, १४० काडीची लांबी. ५४ आणि १८ मिळून ७२. म्हणजे फ्रेमच्या दोन भोकांचे मध्य एकमेकांपासून ७२ मिलिमीटरवर आहेत. जुन्या कार्डावर तुमची पीडी ६०. फरक १२, म्हणून काच घासताना प्रत्येक सेंटर ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवायला हवं होतं. ते सरकवलंच नसेल, तर ०.६ गुणिले ५, म्हणजे प्रत्येक डोळ्याला ३ प्रिझम, दोन्ही मिळून ६. मायनसच्या काचेत या चुकीमुळे डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं. डोळे आत वळायला तरबेज असतात, पुस्तक वाचताना आपण तेच करतो. बाहेर फाकणं त्यांना फारसं जमत नाही. कपाळ जड होतं ते बहुधा यामुळे.

दुकानदार इतका निष्काळजी असेल का? नसेलही. खरी गोम बहुतेक वेळा काचेच्या चकतीत असते. तयार काच गोल चकती म्हणून येते, ६५, ७० अशा व्यासाची. चकती पुरेल का याचाही हिशेब आहे: फ्रेमच्या भोकाचं सगळ्यात लांब माप, अधिक सरकवायच्या अंतराची दुप्पट, अधिक घासण्यासाठी २. तुमच्या मोठ्या फ्रेमचं लांब माप ५८ धरलं, तर ५८ अधिक १२ अधिक २, झाले ७२. हातात चकती ७० ची. मग कारागीर काय करतो? सेंटर जरा बाहेर ढकलतो आणि काच बसवून टाकतो. दिसायला चष्मा फस्क्लास, नंबर शंभर टक्के बरोबर.

हे मी छातीठोक सांगतोय, कारण मीच केलंय. नवा होतो तेव्हा उद्यमनगरातल्या कारखान्यातले एक टर्नर मायनस ४ चा चष्मा न्यायला आले. मी लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर आणि सेंटर बघायच्या मशीनवर, दोन्ही सेंटरला शाईचे ठिपके दिले होते, ते पुसायचे राहिले. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, ठिपक्यांवर लावला आणि म्हणाले, "बाळ, कार्डावर ६१ लिवलंयस, आन् ह्ये टिपकं ६८ वर हाईत. माझ्याकडं असा जॉब आला तर रिजेक्ट." ७ मिलिमीटर, म्हणजे २.८ प्रिझम. काचा परत घातल्या, पदरच्या पैशानं.

घरी ढोबळ तपासणी करता येते. चष्मा हातभर लांब धरा, एक डोळा मिटा, एका काचेतून खिडकीचा उभा गज बघा. काचेच्या आत आणि बाहेर गज तुटलेला दिसेल. चष्मा तिरका न करता डावी-उजवीकडे सरकवा. गज जिथे अखंड जुळेल तिथे काचेवर स्केचपेननं ठिपका द्या. दुसऱ्या काचेलाही तेच. दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीनं मोजा. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतील, पण ६० च्या जागी ६८ आलं तर शंकेला जागा नाही. (जाता जाता: मायनसच्या काचेतून गज काचेबरोबर सरकतो, प्लसमध्ये उलटा. आजीची चाळिशी डोळ्याजवळ धरून बघा.)

मग आडवा गज घेऊन सेंटरची उंचीही बघा, तुमच्या जिन्याचं दुखणं तिथं असू शकतं. एक सेंटर दुसऱ्यापेक्षा ३ मिलिमीटर खाली असेल तर १.५ प्रिझम उभा फरक पडतो. आडवा फरक डोळे थोडा तरी सोसतात, उभा जवळजवळ नाहीच. कधी काच ठीक असते आणि फ्रेमच वाकडी असते, एक नोजपॅड दबलेला असतो. ते पाच मिनिटांत, फुकटात सरळ होतं.

चष्मा नाकावरून घसरतो म्हणून त्रास होतो का, असंही तुम्ही विचारलंय. मायनस ५ ला ५ मिलिमीटर पुढे सरकला तर फरक साधारण ०.१२ चा. त्यानं गरगरत नाही. मायनस १० असता तर फरक अर्ध्या नंबरापर्यंत गेला असता.

दुकानात भांडू नका. तुमच्यासमोर लेन्सोमीटरवर सेंटर लावून ठिपके द्यायला सांगा, आणि पीडी नव्यानं घ्यायला सांगा, तीही प्रत्येक डोळ्याची वेगळी. नाक बरोबर मधोमध असतंच असं नाही, ६० म्हणजे २९ आणि ३१ असू शकतं. काचा बदलायच्याच असतील तर फ्रेमही लहान घ्या. ५०-१८ घेतलीत तर सेंटर ४ मिलिमीटरच सरकवायचं. भोकाचं लांब माप ५३ असलं तर ६३ लागतात, ६५ ची चकती पुरते. शिवाय कडा पातळ. मोठ्या फ्रेममध्ये १.६७ इंडेक्सची पातळ, महाग काच घालण्यापेक्षा मी गिऱ्हाइकाला लहान फ्रेमच सुचवतो, धंद्याला ते परवडत नाही हा भाग वेगळा. आणि पॉलिकार्बोनेट असेल तर सेंटर आणखी जपा: साध्या प्लास्टिकचा ॲबे आकडा (जितका कमी तितके रंग जास्त फाकतात) ५८, पॉलिकार्बोनेटचा ३०, त्यामुळे कडेनं बघितलं की ट्यूबलाइटला रंगीत किनार दिसते.

चष्मा काढल्यावरही दोन-दोन दिसत असेल तर मात्र दुकानात नको, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ठिपक्यांमधलं अंतर आणि भोकाचं सगळ्यात लांब माप काय आलं ते खाली लिहा, पुढचा हिशेब करून देतो.