कन्सोलमधला इशारा लपवू नका

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे कापूस वजनाचे वेब ॲप्लिकेशन मी सांभाळतो. काटापट्टी जतन करताना ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका व इशारे दाखवणाऱ्या खिडकीत) ‘सिंक्रोनस एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ (सर्व्हरला विनंती पाठवून उत्तरासाठी थांबून राहण्याची पद्धत) कालबाह्य असल्याचा इशारा दिसतो. काम मात्र सुरळीत चालते. तो इशारा दडपून टाकला तर चालेल का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : कृपया तसे करू नका. या पद्धतीत सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत सगळे पान गोठते, आणि हंगामात काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना नेटवर्क अडखळले, तर कर्मचाऱ्याला दुसरे बटणही दाबता येत नाही. इशाऱ्याच्या उजवीकडे फाइलचे नाव व ओळ क्रमांक असतो. फाइल लायब्ररीची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची, असल्यास नवी आवृत्ती घ्या. तुमचीच असल्यास ‘असिंक : फॉल्स’ (उत्तर येईपर्यंत थांबण्याची सूचना) शोधा, बहुधा मूळ तेथेच सापडेल. त्याऐवजी पान न गोठवता उत्तर आणणारे ‘फेच’ आणि ‘अवेट’ वापरताना तेवढी एकच ओळ बदलून भागत नाही, कारण त्या उत्तरावर विसंबलेले प्रत्येक फंक्शन ‘असिंक’ करावे लागते. अन्यथा पावती क्रमांक येण्याआधीच काटापट्टी छापली जाईल. उत्तर येईपर्यंत ‘जतन करा’ हे बटण निष्क्रिय ठेवा, नाहीतर एकाच गाडीची दोनदा नोंद होईल.

‘चालते आहे’ या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते. म्युटेशन इव्हेंट्स (पानातील बदल कोडला कळवणारी जुनी सुविधा) याबाबत अनेक वर्षे सावध केल्यानंतर क्रोमने २०२४ मध्ये, आवृत्ती १२७ पासून, ते खरोखरच काढून टाकले. त्यामुळे कापूस खरेदी सुरू होण्यापूर्वीच हा बदल करा आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून त्याची चाचणी घ्या.