‘पेशंटला घेऊन या’ म्हणतात, मी काय करू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मंगळवेढ्याच्या पुढे, रस्त्यापासून आत वस्तीवरचं घर. सासूबाई ७८ वर्षांच्या, लकवा मारल्यापासून आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या. मालक पुण्याला कामाला. आरोग्य केंद्रात गेलं की ‘पेशंटला घेऊन या’ एवढंच उत्तर. जीप ठरवली तर पंधराशे जातात आणि खड्ड्यांनी म्हातारीचा जीव कासावीस होतो. म्हणून बीपीची गोळी महिनाभर बंद. ‘मी कुठं कमी पडतेय का?’ असं विचारलंत.

तुम्ही कमी पडत नाही. सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर पडलंय.

पण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, माकडहाडाजवळ लाल डाग दिसतोय. आधी तो बघा. बोटानं दाबून सोडा. लाली तशीच राहिली तर बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, सुरू झालाय. तिथं चोळू नका. दर दोन तासांनी कूस बदला, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, टाचा टेकू देऊ नका. अंगाखाली आपली जाड सोलापुरी चादर घडी करून घातली असेल तर आजच काढा. माझ्या आईच्या पाठीवर तसल्या घडीची रेघ उमटली होती. चार दिवसांत ती चिघळली. कातडी फुटली, वास आला किंवा ताप चढला तर वाट बघू नका, १०८ ला फोन लावा.

दुसरी घाई गोळीची. लकवा झालेल्या माणसाची बीपीची गोळी बंद पडली तर पुन्हा झटका येऊ शकतो. जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन उद्याच उपकेंद्रात जा. तिथून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. स्वतःच्या मनानं डोस वाढवू नका.

आणि घरी येऊन बघा म्हणणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन बघायचं, असं लिहिलेलंच आहे. तोंडी सांगितलेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही. आशाताईंना सोबत घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंधरा दिवसांत कुणी फिरकलं नाही, तर तीच पोच घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा.

सत्तरीपुढच्यांचं वय वंदना कार्डही, म्हणजे मोफत उपचाराचं सरकारी कार्ड, काढून ठेवा. पण ते भरती झाल्यावरच चालतं, घरच्या औषधपाण्याला नाही.

आता मालकांचं. ते पैसे पाठवतात, ते बरोबरच आहे. पण दर दोन तासांनी कूस बदलायची तर तुम्ही झोपायचं कधी? त्यांना फोनवर याच शब्दांत विचारा. महिन्यातून दोन रात्री आईजवळ त्यांनी बसावं, दोन रात्री बार्शीच्या नणंदेनं. आई त्यांचीही आहे.

अर्ज लिहिताना अडलात तर कळवा, मी लिहून पाठवते. आणि तो डाग आज रात्रीच बॅटरी जवळ धरून बघा.