मी पुण्यात राहतो, वय साठीच्या पुढे. परदेशात ख्रिस्ती पवित्र स्थळी स्वयंसेवक गाइड म्हणून काम करता येतं का? धर्माची अट असते का, खर्च कोण करतं, आणि इतिहास किती यावा लागतो?

हो, येतं. मी जेरुसलेममधल्या 'गार्डन टूम' (बागेतली कबर; काही जण हिलाच येशूची कबर मानतात) या जागी हे काम केलंय, कोविडच्या आधी. मी मूळची नगरची. नोकरीमुळे इंग्लंडात स्थायिक झाले आणि निवृत्त झाल्यावर तिकडे गेले. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देते. तिसऱ्यावर मात्र जरा ऐसपैस बोलणार आहे, कारण गाइडची सगळी कसोटी तिथेच लागते.

धर्माची अट जागेवर अवलंबून असते. गार्डन टूम ही एका ब्रिटिश धर्मादाय संस्थेची जागा. १८९४ साली इंग्लंडात वर्गणी गोळा करून ती विकत घेतली गेली. तिथे दिवसभर गटागटाने लोक येतात, गातात, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) घेतात. गाइडने नुसती माहिती द्यावी एवढीच अपेक्षा नसते, पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मरणातून उठला यावर, त्याचा स्वतःचा विश्वास असावा लागतो. त्यामुळे स्वयंसेवक श्रद्धावान ख्रिस्तीच हवेत. तुमच्या पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) शिफारसपत्र मागतील हे धरूनच चाला. पंथाने तिथे प्रोटेस्टंट वळण असलं, तरी बघायला सगळेच येतात. वसईकडच्या कॅथलिक मंडळींनाही मी जागा दाखवलीय. 'तुम्ही नगरच्या? मग आमच्या वसईला कधी येणार?' ही चौकशी आधी, कबर नंतर.

तुम्ही श्रद्धावान नसाल आणि ओढ इतिहासाची, वास्तुकलेची असेल, तर फ्रान्सकडे बघा. तिथे 'कासा' नावाची संस्था १९६७ पासून उन्हाळ्यात स्वयंसेवकांना जुन्या चर्चांमध्ये आणि मठांमध्ये पाठवते. ते एकत्र राहतात आणि येणाऱ्यांना फुकट फिरवून दाखवतात. फ्रेंच चांगलं यायला हवं, एवढं मात्र आहे. इंग्लंडातल्या मोठ्या कॅथेड्रलांमध्येही गाइड बहुतेक स्वयंसेवकच असतात, पण ते आसपासचे रहिवासी; आठवड्यातून एखादा दिवस येणारे. पुण्याहून जाऊन ते जमणार नाही. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानी जगभरातून स्वयंसेवक जातात, पण तिथलं मुख्य काम आजाऱ्यांची सेवा, व्हीलचेअर ढकलणं, रांगा सांभाळणं. गाइडगिरी फारशी नाही. भाषेची अडचण वाटत असेल तर मात्र आधी लूर्दचा विचार करा. तिथे भाषेपेक्षा हातपाय जास्त लागतात.

आता खर्च. पगार कुठेच नसतो. विमानाचं तिकीट आणि विमा आपला, हे गृहीत धरा. राहायची सोय बहुधा संस्था करते. जेवणाचं, हातखर्चाचं काय, ते जागोजागी वेगळं, म्हणून जायच्या आधी लेखी घ्या. इस्रायलला जायचं तर व्हिसाचा मुद्दा पक्का लक्षात ठेवा. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करायचं नसतं, मग ते बिनपगारी का असेना. स्वयंसेवकांसाठी बी-४ नावाचा वेगळा व्हिसा आहे आणि त्यासाठी बोलावणाऱ्या संस्थेला तिथल्या गृहखात्याकडे अर्ज करावा लागतो. कुणी एजंट 'टुरिस्टवर चला, पुढचं बघून घेऊ' म्हणाला तर त्याला नमस्कार करा. शिवाय ऑक्टोबर २०२३ नंतर युद्धामुळे तिकडचे यात्रेकरू एकदम आटले. गट नाहीत तर गाइड तरी कशाला? आत्ता स्वयंसेवक घेतायत का, हे विचारल्याशिवाय तिकिटाच्या भानगडीत पडू नका.

आता इतिहास.

गार्डन टूमला येणारा माणूस जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या दमिष्क वेशीतून बाहेर पडून नाब्लस रस्त्याने दोन-चार मिनिटं चालत येतो. बाहेर टॅक्सीवाल्यांची ओरड, भाजीवाले, बसचा धूर. फाटकातून आत आला की झाडं, बाकं, फुलांचे वाफे. बागेच्या एका टोकाला कठड्यापाशी उभं केलं की समोर एक उघडा कडा दिसतो, त्यात डोळ्यांच्या खोबण्यांसारखी दोन विवरं. चार्ल्स गॉर्डन हा ब्रिटिश सेनापती १८८३ मध्ये जेरुसलेमला राहिला होता. या कड्यात त्याला कवटी दिसली आणि हाच गुलगुथा, म्हणजे येशूला क्रुसावर खिळलं ती 'कवटीची जागा', असं त्याने ठामपणे मांडलं. त्याच्याआधीही एकदोघांनी तसं सुचवलं होतं, पण गॉर्डनचं नाव मोठं होतं. पुढे दोनच वर्षांनी तो खार्टूमला मारला गेला, इंग्लंडात वीरपुरुष ठरला आणि त्याच्याबरोबर त्याची टेकडीही गाजली. कड्याच्या पायथ्याशी आज बसस्थानक आहे आणि माथ्यावर मुसलमानांचं कब्रस्तान. नाकाचा भाग काही वर्षांपूर्वी वादळी पावसात ढासळला. त्यामुळे जुना फोटो हातात धरून दाखवावा लागतो, नाहीतर लोक माना वाकड्या करून कवटी शोधत बसतात.

कबर सापडली ती गॉर्डनच्याही आधी, १८६७ मध्ये. खडकात कोरलेली, बुटक्या दाराची. आत शिरलं की डावीकडे मोकळी खोली, उजवीकडे देह ठेवायची जागा, भिंतीवर लाल रंगातल्या बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातल्या क्रूसाच्या खुणा. बाहेर दारासमोर दगडात कोरलेला एक लांबट चर. आवारात द्राक्षं तुडवून रस काढायचं जुनं कुंड आहे, १९२४ मध्ये सापडलेलं, आणि जमिनीखाली पाण्याचं अवाढव्य टाकं. म्हणजे इथे कधीकाळी बाग किंवा मळा होता, हे खरं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूला खिळलं त्या ठिकाणी बाग होती आणि बागेत नवी कबर होती असं आहेच. ऐकणाऱ्याचे डोळे इथे चमकायला लागतात.

आणि नेमकं इथेच गाइडने जीभ आवरायची असते. इस्रायली पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारकाय यांनी ही कबर तपासून ती इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातली ठरवली. शेजारच्या डोमिनिकन मठाच्या आवारात त्याच काळातल्या कबरी आहेत. येशूच्या काळात आतली खोली बाहेरच्या खोलीच्या मागे कोरत, इथे दोन खोल्या शेजारी शेजारी आहेत. म्हणजे येशूच्या वेळी ही कबर सहाशे ते आठशे वर्षं जुनी असणार, 'नवी' कुठून? दारासमोरचा तो चर येशूच्या कबरेचं दार बंद करणारी धोंड लोटायचा असं कित्येक गटांचे पास्टर आपल्या लोकांना सांगत असतात, पण तो क्रुसेडच्या (मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या) काळात जनावरांना पाणी पाजायला कोरलेला असावा असं अभ्यासक म्हणतात. तरी रोज कुणीतरी विचारतंच, 'मग ती धोंड कुठे गेली?' मला हा प्रश्न फार आवडायचा. खरं उत्तर दिलं तर लोक हसतात आणि पुढचं नीट ऐकतात.

बहुतेक अभ्यासकांचा कौल जुन्या शहरातल्या पवित्र कबरेच्या चर्चकडे आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधवलेलं ते चर्च, ३३५ साली त्याचं समर्पण झालं. २०१६ मध्ये तिथल्या कबरेवरची संगमरवरी फरशी उचलली, तेव्हा खालच्या चुन्याचं वय चौथ्या शतकाच्या मध्याचं निघालं. यावर हमखास येणारी शंका अशी: येशूला वेशीबाहेर मारलं, ते चर्च तर तटाच्या आत आहे! याचं उत्तर पाठ हवं. आज दिसतो तो तट ऑटोमन (तुर्की) सुलतान सुलेमानचा, सोळाव्या शतकातला. येशूच्या वेळी ती जागा तटाबाहेर होती, दहा-पंधरा वर्षांनी हेरोद अग्रिप्पा राजाच्या काळात तट पुढे सरकला. दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. पाचवं वाक्य सुरू झालं की मागच्या रांगेतला माणूस मोबाइल काढतो.

मग गाइडने सांगायचं तरी काय? संस्थेची भूमिकाच अशी की हीच ती जागा असा हट्ट नाही. इथे बाग, कबर आणि टेकडी एका नजरेत दिसतात, प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि महत्त्व रिकाम्या कबरेला आहे. हे मनापासून पटलेलं असेल तरच बोलताना अडखळायला होत नाही. माझं मत विचाराल तर जागा ती नव्हे. गाइड म्हणून मला त्याची अडचण कधी वाटली नाही. एकदा ब्राझीलच्या गटातली एक बाई कबरेतून बाहेर आली, मला बाजूला घेऊन म्हणाली, 'खरं सांगा, हीच का?' मी म्हटलं, बहुतेक जाणकार दुसरी मानतात, इथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ती म्हणाली, 'तिथे सकाळी जाऊन आले. मागचे ढकलत होते, डोळे मिटायलाही फुरसत मिळाली नाही.' आणि बाकावर जाऊन बसली. त्या चर्चमध्ये सहा जुन्या पंथांची वाटणी आहे, कुणी कुठला कोपरा झाडायचा हेसुद्धा ठरलेलं, आणि दाराची किल्ली शतकानुशतकं मुसलमान घराण्यांकडे. प्रोटेस्टंटांना तिथे एक खुंटीसुद्धा नाही. बागेची ही जागा इंग्रजांना एवढी का भावली, त्यात याचाही वाटा असणार.

गाइड म्हणून गेलं तरी सगळा वेळ बोलण्यात जात नाही, हेही सांगायला हवं. पालापाचोळा झाडायचा, दुकानात उभं राहायचं, प्रभुभोजनासाठी ऑलिव्हच्या लाकडाचे अंगठ्याएवढे पेले ताटात मांडून त्यात द्राक्षरस ओतायचा. हे पेले लोक आठवण म्हणून घरी नेतात, त्यामुळे दर गटाला नवे. हात थोडा हलला की ताटभर चिकटा, आणि पुढचा गट फाटकाशी येऊन ठेपलेला. एका कोपऱ्यात कोरियन गट गातोय, दुसऱ्यात नायजेरियन, बसस्थानकावर भोंगे, मध्येच बांग सुरू होते. या सगळ्यावर आवाज चढवून बोलायचं नाही, थांबायचं. ही थांबायची सवय मला शाळेत शिकवतानाच लागली होती, तिचा फार उपयोग झाला. इंग्रजी साधं आणि सावकाश बोलता यायला हवं. अर्ध्या गटांबरोबर दुभाषा असतो, त्यामुळे तुमचं लांब वाक्य त्याच्या गळ्यात अडकतं.

रविवारी उपासना सोडली तर बाग लोकांसाठी बंद असायची, म्हणून सुट्टीही तीच. शनिवारी शब्बाथमुळे (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) बहुतेक इस्रायली बस बंद असतात, रविवारी मात्र सगळं सुरू, तेव्हा देश बघायला हा दिवस सोयीचा. मी एकदा लोदला गेले. तिथे बेने इस्रायली वस्ती आहे, कोकणातून गेलेले आपले मराठी ज्यू. एका आजींनी चहा पाजला, इतक्या अस्सल रायगडी मराठीत माझी उलटतपासणी केली की मी माहेरी आल्यासारखी बसून राहिले. मी कबर दाखवायचं काम करते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, 'बाई गं, निवृत्त झाल्यावर हेच सुचलं होय?'

तुमचं वय साठीच्या पुढे आहे असं लिहिलंय. त्याची अडचण नाही, निवृत्त लोकच जास्त दिसतात. गुडघे मात्र आधी दाखवून घ्या, तासन् तास दगडी फरशीवर उभं राहावं लागतं. अर्जात आपल्या श्रद्धेबद्दल दोन परिच्छेद लिहाल ते ठीकच, पण तुम्ही कधी मुलांना शिकवलंय, पाहुण्यांची व्यवस्था बघितलीय, लोकांसमोर न वाचता बोललाय, हेही लिहा. संस्थेच्या लोकांना आधी तेच हवं असतं.